करवतीचा सूर

किल्लीने दोन्ही स्पीकर फळ्यांच्या थप्पीवर चढवले, वायरी जोडल्या आणि समोर चार खुर्च्या मांडल्या. मग तिच्या लक्षात आलं की तीनच हव्यात, म्हणून एक उचलून भिंतीला लावली. मग मामा आठवला आणि ती पुन्हा आणून ठेवली. आपण घाबरलोय हे तिला तेव्हा कळलं. एरवी भरलेल्या सभागृहात ती बेधडक आवाज लावत असे, आणि इथे घरच्याच चार म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या मोजता येईनात.

शनिवारची दुपार होती. कामगार दोनला गेले होते, मशीनं बंद होती आणि वखारीत ताज्या भुशाचा वास तेवढा मागे राहिला होता. पाचपर्यंत तबकड्यांच्या कारखान्याला जुन्या टेपांवरून साफ केलेली गाणी पाठवायची होती. आज चुकलं तर कारखान्याची पुढची रिकामी तारीख थेट पुढल्या वर्षी होती, आणि पुढल्या वर्षी थोरल्या मावशीचं डोकं कुठे असेल याची हमी कुणीच देणार नव्हतं. या टेपांवरून दोघींचं जिन्यावर भांडण झालं होतं, त्यानंतर टेपांची पेटी द्यायला तिने सात महिने लावले होते. दिली तीही हातात नाही. एका सकाळी किल्लीच्या दाराबाहेर पेटी होती आणि वर चिठ्ठी होती, 'ओली करू नकोस.'

टेपा 'वखार'च्या होत्या. नाव जागेचं, आणि बँडचंही तेच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच दालनात घरातल्या चार बायकांनी आपली पहिली तबकडी केली होती. थोरली ड्रमवर, धाकटी गिटारवर, त्यांची वहिनी बेसवर आणि मधली माइकसमोर. शहरातल्या स्टुडिओवाल्याने चौघींकडे बघून 'वादक मंडळी मागून येताहेत का?' असं विचारलं होतं. चौघी तिथूनच परत फिरल्या, एक टेप मशीन उसनं आणलं आणि दोन रविवारांत आठ गाणी उरकून टाकली. पुढे चौदा वर्षं त्या गावोगाव वाजवत हिंडल्या. थांबल्या त्या मधली आजारी पडल्यावर. मधली म्हणजे किल्लीची आई. ती गेली तेव्हा किल्ली सहा वर्षांची होती. दिसेल तो स्क्रू फिरवायची म्हणून तिला किल्ली हे नाव आईनेच ठेवलं होतं, आणि पुढे ती खरोखरच बटणं फिरवून पोट भरू लागली.

सगळ्यात आधी धाकटी मावशी आली. चष्म्याचं दुकान घाईत बंद करून आल्यामुळे तिच्या गळ्यात तीन चष्मे लोंबत होते, आणि त्यातला एकही तिचा नव्हता.

"महाराणी कुठायत?" तिने विचारलं.

"वर आहे मोठी मावशी. येते म्हणाली."

"येऊ दे. ऐक, ती काहीही म्हणाली तरी मी तुझ्या बाजूने आहे. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून किती दिवस खाटेखाली ठेवायचं ते? परवा दुकानात एक मुलगी आली होती. नंबर तपासायला बसली आणि पाटीवरची अक्षरं वाचायची सोडून माझ्या हाताकडेच बघत राहिली. म्हणे, 'तुम्हीच ना त्या?' तिचाही बँड आहे. पाच जणी. सगळ्या एकाच दवाखान्यात नर्स आहेत. सराव कुठे करतात माहितीये? दवाखान्याच्या धुलाईखान्यात!" धाकटी इतकी खुशीत हसली की तिन्ही चष्मे एकमेकांवर आपटले. "मी तिच्याकडून चष्म्याचे पैसे घेतले, पण फ्रेम माझ्या पसंतीची दिली."

मागोमाग मामा आणि मामी आले. तिघी बहिणींचा हा एकुलता भाऊ चौदा वर्षं बँडची गाडी चालवत होता. वर्तमानपत्रात त्याचा एकदाच फोटो छापून आला होता, त्यात तो टायर बदलत होता. तो फोटो अजून त्याच्या पाकिटात होता. मामी म्हणजे बेसवाली वहिनी. लग्न होऊन या घरात आली त्याच आठवड्यात थोरलीने तिच्या हातात बेस दिला होता. 'चारच तारा आहेत, तुला तीन नणंदा जास्त अवघड जातील,' असं म्हणून. वहिनीने तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. वाजवायला मात्र लागली, आणि वर्षभरात तिच्या बेसशिवाय गाणं लंगडं वाटू लागलं.

थोरली शेवटी आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वखार अजून तीच चालवत होती. तिने आधी थप्पीवरचे स्पीकर पाहिले.

"या फळ्या सोमवारी जायच्यात. ओरखडा उठला तर गिऱ्हाईक माझं डोकं खाईल."

"खाली फेल्टचं कापड लावलंय मावशी."

"मग लाव गाणं. एकमताचा नियम माहितीये ना तुला?"

माहीत होता. 'वखार'मध्ये बहुमत नव्हतं. चौघींपैकी एकीने मान हलवली तरी गोष्ट तिथेच संपायची, मग तो दौरा असो की पोशाखाचा रंग. आईचं मत आता किल्लीकडे होतं. बाकी तीन मतं समोर बसली होती आणि त्यातल्या एकाच्या गळ्यात तीन चष्मे होते.

किल्लीने बटण दाबलं.

*

थोरलीला पहिल्या चार ठोक्यांतच कळलं की काहीतरी बिघडलंय. काय ते कळेना. आवाज स्वच्छ होता, इतका स्वच्छ की झांज कुठे टांगली होती तेसुद्धा डोळ्यांसमोर आलं. पोरीने मेहनत केली होती, यात वादच नव्हता. पण थोरलीचा उजवा हात मांडीवर ताल धरायला गेला आणि अडला. कुणीतरी बाही धरून मागे ओढावं तसं तिला झालं. ती स्वतःच्याच वाजवण्याच्या पुढे पळत होती.

मग मधली गायला लागली.

थोरलीने डोळे मिटले. तीस वर्षं तिने हा आवाज ऐकला नव्हता. मुद्दामच. मधलीला नेऊन परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने भिंतीवरची पोस्टरं काढली, कॅसेटी खोक्यात भरल्या आणि सगळ्यांना सांगितलं, या घरात पोरीसमोर बँडचा विषय निघणार नाही. पोरीला त्रास नको. सगळ्यांनी ऐकलं, कारण थोरलीचं सगळे ऐकायचे. आणि खरं सांगायचं तर त्रास पोरीला होईल की आपल्याला, हे तिने कधी तपासलं नाही.

मधलीचा आवाज कसा होता हे लोक निरनिराळ्या पद्धतीने सांगायचे. थोरलीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, घाईचा. मधली गाणं म्हणत नसे, गाण्याला गाठायची. तिला ताल देताना थोरलीला सतत वाटायचं, आपण किंचित कमी पडलो तर ही आपल्याला सोडून पुढे निघून जाईल. एकदा एका मेळाव्यात मागून कुणीतरी ओरडलं, 'घरी स्वयंपाक कोण करतंय?' मधलीने गाण्याची ओळ न तोडता त्याच चालीत उत्तर दिलं, 'तुम्हीच करा, लवकर घरी जा!' आणि हजार माणसं हसून उठेपर्यंत ती पुढच्या कडव्यावर पोचली होती. तिच्यासारखी बाई थोरलीने पुन्हा पाहिली नाही.

आणि ही जी आता स्पीकरमधून गात होती, ती कुठेच पोचायला निघाली नव्हती. ती दमली होती.

"बंद कर," थोरली म्हणाली.

"अजून पहिलंच कडवं..."

"बंद कर म्हणते ना!"

किल्लीने बंद केलं. मामाने खिशातून रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं.

"काय झालं ताई?" धाकटीने विचारलं. "इतकं सुंदर तर झालंय! माझी गिटार मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. तेव्हा तुझ्या धडाधडीत कुणाला काय ऐकू येत होतं?"

"ही मधली नाही."

"मग कोण, शेजारीण?"

"तू मधे बोलू नकोस. किल्ले, तू काय केलंस याला?"

किल्लीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. उत्तर तिने घोकून ठेवलं होतं.

"टेप जोरात फिरलीये मावशी. सगळी गाणी सुरापेक्षा थोडी वर आहेत. सगळी, अगदी सारखीच. हार्मोनियमच्या पांढरी पाच पट्टीच्या वर आहेत आणि काळी चारला पोचत नाहीत, मधेच कुठेतरी लटकतात. असं कुणी मुद्दाम लावत नाही. उसनं मशीन होतं, ते जोरात फिरलं असणार. म्हणून मी वेग कमी करून सगळं पांढरी पाचवर आणलं. फरक अगदी थोडा आहे. तीन मिनिटांचं गाणं चार सेकंद लांबलं, एवढाच."

"चार सेकंद," थोरली म्हणाली. "चार सेकंदांत ती दोन ओळी म्हणायची."

"ताई, हिला त्यातलं कळतं," धाकटी म्हणाली. "दोन वर्षं पोरगी यावर बसलीये. आपल्याला कुठे होती अक्कल सुराची? आपण चौघी अडाणीच ना? लोक चांगले म्हणून त्यांनी ऐकून घेतलं."

"लोक चांगले नव्हते. आपण चांगल्या होतो."

तेही खरंच होतं.

मामाने मधे पडायचं ठरवलं. टायर बदलणाऱ्या माणसाला मधे पडायची सवय असते. "दुसरं गाणं ऐकू. 'भुसा' लाव गं. ते सगळ्यांच्या आवडीचं. एका गाण्यावरून काय ठरवायचं?"

किल्लीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. किल्लीने 'भुसा' लावलं.

*केसांत भुसा, खिशात भुसा,*
*अडवून बघ मला, अडवशील कसा?*

धाकटी पहिल्या कडव्याला पाय हलवत होती. दुसऱ्याला तिचा पाय थांबला. शेवटच्या कडव्याआधी बाकी वाद्यं गप्प होतात आणि नुसती गिटार चार मात्रा वाजते, तिथे ती खुर्चीत पुढे सरकली, तोंडावर हसू आणून, जणू कुणी ओळखीचं दारातून येणार आहे. चार मात्रा गेल्या. शेवटचं कडवं सुरू झालं. धाकटीच्या तोंडावरचं हसू तसंच अडकून राहिलं.

"हसणं कुठे गेलं?" ती म्हणाली.

"कसलं हसणं?" किल्लीने विचारलं.

"अगं तिचं हसणं! त्या चार मात्रांत. तुझे आप्पाआजोबा चहा घेऊन आले, भुशावरून घसरले आणि कप न सांडता खाली बसले. मला दिसलं नाही, मी तारांकडे बघत होते. तिला दिसलं आणि तिला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तिने, तरी टेपवर आलंच. आप्पा म्हणाले, पुन्हा घ्या. आम्ही म्हटलं, अजिबात नाही! पुढे कार्यक्रमांत सगळे त्याच जागी हसायचे. लोक, म्हणजे पब्लिक! त्या जागी सगळं मैदान हसायचं."

किल्लीचा चेहरा उतरला. "ते मी काढून टाकलं."

"काढून टाकलंस?"

"मला वाटलं, तो खोकला आहे."

कोपऱ्यातल्या नळाचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

"खोकला?" धाकटीचा आवाज खाली आला. "अगं, बावीस वर्षांची होती ती तेव्हा."

"मला कसं माहीत असणार?" किल्ली म्हणाली, आणि मग घोकून ठेवलेलं सगळं बाजूला राहिलं. "मला आईचा खोकलाच माहितीये. मला तेवढंच आठवतं. ती पलंगावर बसून मला गोष्ट सांगायची, हळूहळू, मधे थांबत थांबत. मग खोकायची. तोंडावर हात दाबून, अगदी असंच. घरात तुम्ही कुणी बोलत नव्हता, म्हणून मी बाहेर ऐकलं तिला. लोकांच्या कॅसेटवर. कुणाचा प्लेअर जोरात फिरायचा, कुणाचा हळू. सहा घरी सहा आया ऐकल्या मी. त्यातली माझी कुठली ते मला कोण सांगणार होतं? हे गाणं मी खाली आणलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हां, ही. ही माझी आई. ओळखीची."

ती स्पीकरची वायर गुंडाळायला लागली, जी गुंडाळायची अजून काहीच गरज नव्हती.

धाकटी उठून भावाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिला आता कुणाच्याच बाजूने बोलवत नव्हतं.

"राहू दे मग," मामा म्हणाला. "तिला तशी आठवते तर तसंच राहू दे ना ताई. आपल्यापैकी कुणाचं काय जातंय? पाच वाजायला आलेत."

"मधलीचं जातंय," थोरली म्हणाली. "लोक तिला असं दमलेलं ऐकणार. त्या धुलाईखान्यातल्या पोरी ऐकणार. माझं मत नाही. पेटी उद्या परत आणून दे."

*

वहिनी अजून एक शब्द बोलली नव्हती. या घरात पन्नास वर्षं काढताना तिने एक गोष्ट शिकून घेतली होती. नणंदा भांडत असल्या की त्यांना दमू द्यावं, म्हणजे नंतर सगळ्यांना आपलं ऐकू येतं.

पण आज तिला थांबवेना. ती किल्लीच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत होती. या पोरीला तिने वेणी घालून शाळेत पाठवलं होतं, तापात उशाशी बसली होती. आणि तिच्या आईबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, कारण थोरलीने नको म्हटलं होतं. वहिनीला स्वतःची शरम वाटली, आणि ती शरम तिला चांगलीच झोंबली.

"चूक हिची नाही," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"ताई, चूक तुमची आहे. आणि तुमचं ऐकलं म्हणून माझी. तीस वर्षं तुम्ही हिला काही सांगू दिलं नाहीत. आता हिला काही माहीत नाही म्हणून हिच्यावरच रागावताय होय?"

पन्नास वर्षांत वहिनी थोरलीला असं कधी बोलली नव्हती. मामा बायकोकडे बघतच राहिला.

"किल्ले, इकडे बघ. टेप जोरात फिरलेली नाही. मशीन ठणठणीत होतं. सूरच तसा होता."

"असा सूर नसतो मामी. दोन पट्ट्यांच्या मधला सूर कुणी कशाला लावेल?"

"कारण आम्हाला पट्ट्याच माहीत नव्हत्या!" वहिनी म्हणाली. "बाजाची पेटी होती कुठे घरात? सूर लावायचा कशावर? तुझे आजोबा म्हणाले, 'ही करवत रोज एकाच सुरात ओरडते, हिच्यावर लावा.' मग आम्ही तसंच करायचो. ताई बटण दाबायच्या, करवत नुसतीच फिरवायच्या, लाकूड न घालता. तिची घूं सुरू झाली की मी त्यावर तार लावायची, माझ्यावरून धाकटी गिटार लावायची. मग करवत बंद. पातं थांबायला मिनिटभर लागायचं. ते पूर्ण थांबलं, सगळं शांत झालं, की मधली श्वास घ्यायची आणि आम्ही सुरू. टेप तेव्हाच चालू करायचो, आप्पा आधी करू द्यायचे नाहीत, फुकट जाते म्हणून."

"आणि दौऱ्यावर?" किल्लीने नकळत विचारलं. "तिथे कुठली करवत?"

मामा एकदम खूश झाला. "तिथे फ्रिज! दर गावात गेल्यावर हिचा पहिला प्रश्न, फ्रिज कुठाय? लोकांना वाटायचं बाईंना तहान लागली. थंड पाणी घेऊन धावायचे, आणि ही फ्रिजला कान लावून बेसच्या खुंट्या पिळत बसलेली!"

"एका मासिकात चार पानं आली होती," धाकटी म्हणाली. तिला न राहवून हसू येत होतं. "आमच्या 'गूढ सुरावटी'वर. म्हणे, कुठल्यातरी प्राचीन परंपरेतून आलीये. आम्ही ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. शपथ घेतली होती चौघींनी."

"शपथ बाहेरच्यांसाठी होती," वहिनी म्हणाली. "हिच्यासाठी नव्हती."

ती उठली. दालनाच्या टोकाला जुनी करवत ताडपत्रीखाली उभी होती. नवी मशीनं आल्यापासून तिच्यावर महिन्यातून एखादा ओबडधोबड ओंडका चढत असे, तेवढंच. वहिनीने ताडपत्री ओढली. हिरव्या बटणाशी येऊन मात्र ती थांबली आणि तिने थोरलीकडे पाहिलं. बटण नेहमी थोरली दाबायची.

थोरली बसूनच राहिली. मग उठली, चालत गेली आणि तिने बटण दाबलं.

*

पातं आधी खरखरलं, मग त्याने वेग धरला, आणि खालच्या मोटारीतून घूं सुरू झाली. किल्ली हा आवाज ऐकतच लहानाची मोठी झाली होती. या घुमण्यात तिने अभ्यास केला होता, झोपा काढल्या होत्या. ती कधी तो ऐकायला थांबली नव्हती, एवढंच.

आता ती थांबली. तिने फोनवरचं सूर मोजायचं यंत्र चालू केलं आणि काट्याकडे बघितलं. पांढरी पाचच्या वर. काळी चारच्या खाली. दोन वर्षं तिने ज्या जागेला चूक म्हटलं होतं, बरोबर त्या जागी काटा जाऊन उभा राहिला.

"वीज," ती पुटपुटली. "विजेची घूं आहे ही. मोटार असो, फ्रिज असो, घुमणार याच सुरात. पंचेचाळीस वर्षांपूर्वी होती तीच आज आहे." आणि मग मोठ्याने, मशीनच्या वर आवाज काढत, "अगं, तुम्ही अख्खं करिअर विजेच्या तारेवर लावलंत की!"

"चुकलं का काही?" थोरलीने तिकडून ओरडून विचारलं.

"नाही! जगात कुणी लावलं नसेल असं!"

थोरलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने लाल बटण दाबलं.

पातं मंदावू लागलं. किल्लीने घाईघाईने मूळ टेपची नक्कल शोधली, हात न लावलेली, आणि 'भुसा'वर बोट ठेवून ती तयार राहिली. मग तिने जे पाहिलं ते ती पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगणार होती. करवतीचा आवाज जसजसा उतरत गेला तसतशा तिन्ही म्हाताऱ्या बायका, एकमेकींकडे न बघता, एकाच वेळी सरसावल्या. थोरलीचे हात मांड्यांवरून वर उचलले गेले. धाकटीचा डावा हात हवेतच, नसलेल्या गिटारच्या दांडीवर गेला. वहिनीने मान एका बाजूला कलती केली. पातं थांबलं. वखार शांत झाली. तिघींनी मिळून श्वास घेतला, चौथीसाठी जागा ठेवून.

किल्लीने बटण दाबलं, आणि तिची आई सुरू झाली.

ती भराभर गात होती. तिला कसलीच पर्वा नव्हती. शब्द संपायच्या आत पुढच्या शब्दावर उडी मारत होती, आणि मागे थोरली तिला गाठायला जिवाच्या आकांताने ड्रम बडवत होती, आणि मांडीवर आताही बडवत होती, एकही ठोका न चुकता. दोन कडवी गेली. सगळं गप्प झालं. गिटारच्या चार मात्रा आल्या आणि त्यांच्यामागे, हाताखाली दाबलेलं, दाबूनही न मावलेलं, एका बावीस वर्षांच्या मुलीचं हसू फुटलं.

तो खोकला नव्हता. आता ऐकल्यावर कुणीही सांगितलं असतं.

गाणं संपलं तेव्हा किल्लीचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. धाकटीने पुढे होऊन तिला धरलं. त्या धरण्यात गळ्यातला एक चष्मा मोडला, कुणाचा ते सोमवारी कळणार होतं.

"ही बरोबर आहे," किल्ली कसंबसं म्हणाली. "हेच पाठवते. हसण्यासकट. माझं मत याला." तिने नाक ओढलं. "पण मामी, ही मला ओळखीची नाही गं. मी हिला कधी भेटलेच नाही."

वहिनीने थोरलीकडे पाहिलं. तिच्या वाट्याचं ती बोलून झाली होती.

थोरली करवतीपासून चालत आली. बाह्यांना लागलेला भुसा तिने झटकला, भिंतीजवळचं स्टूल पायाने ओढलं आणि किल्लीसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तीस वर्षांत ती या पोरीसमोर अशी बसली नव्हती.

"मी भेटलेय," ती म्हणाली. "चांगली सदतीस वर्षं. तू पुन्हा लाव ते गाणं आणि आवाज बारीक ठेव. मी ओळख करून देते. ते आप्पा घसरले ना, तो रविवार. सकाळपासूनच तिचं डोकं फिरलेलं होतं, कारण आदल्या दिवशी तिने..."

फोन वाजला. तबकड्यांच्या कारखान्याचा होता. पाच वाजले होते. किल्लीने फोनकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि तिला हलवेना.

मामाने टेबलावरचा फोन उचलला आणि चौदा वर्षं गाडीतळावर लोकांशी बोलायचा तोच आवाज काढून म्हणाला, "हो हो, गाणी तयार आहेत, दहा मिनिटांत निघतायत. जरा दम धरा साहेब. इथे मायलेकींची ओळख चाललीये."